डबीच्या पाठीवरची अक्षरं

यांगसुनच्या हातात कुठलीही डबी आली, की ती आधी तिला पालथी घालायची. पुढं सोनेरी अक्षरात काय लिहिलंय, कोणत्या नटीचं तोंड छापलंय, याकडं ती ढुंकूनही बघायची नाही. "तोंड सगळ्यांचंच गोड असतंय, बायांनो," म्हणायची, "पाठ बघावी." मग पिशवीतनं भिंग काढायचं, खिडकीकडं सरकायचं आणि पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं एकेक करून वाचायची. तोवर किनाऱ्यावरच्या सोलगे गावच्या बायका चावडीच्या खालनं तापवलेल्या उबदार फरशीवर पत्त्यांचा डाव थांबवून तिच्या ओठांकडं बघत बसायच्या. चांगलं म्हटली तर चांगलं. नुसती मान हलवली तर ती डबी त्या घरात पुन्हा कुणी उघडायचं नाही.

नियम तिचा सोपा होता. "जे जास्त ते आधी, जे कमी ते मागं. कायदाच हाय तसा. पहिल्या पाच-सहांत जे आलं ते तुम्ही तोंडाला लावताय. डबी नासू नये म्हणून घातलेलं औषध आलं, की त्याच्या मागची नावं म्हंजी लग्नात नुसती जेवून जाणारी माणसं. नवरी कोण, नवरा कोण, त्यास्नी ठावं नसतंय."

ही विद्या तिनं आईच्या पोटातनं आणली नव्हती. बाविसाव्या वर्षी ती डोंगरातल्या गावातनं सोलगेला सून म्हणून आली. इथं बायका ओहोटीला चिखलात उतरायच्या. फळीवर एक गुडघा टेकवायचा, दुसऱ्या पायानं चिखल रेटायचा आणि शिंपल्या गोळा करत मैलभर आत जायचं. पहिल्याच दिवशी यांगसुनची फळी एकीकडं गेली आणि यांगसुन दुसरीकडं. कमरेपर्यंत रुतली. दोक्नामनं तिला वेणीला धरून उपसून काढलं. "मुळा उपटावा तशी काढली हिला," असं दोक्नाम पुढं तीस वर्षं चारचौघांत सांगत राहिली. चिखल यांगसुनला कधी मानवला नाही. नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, तो गेला, आणि तिनं एका कंपनीची तोंडाला लावायच्या सामानाची पिशवी खांद्याला अडकवली.

पहिली काही वर्षं ती नुसत्या जिभेवर विकत होती. मग डबीच्या पाठीवर आतलं सगळं छापायचा कायदा आला आणि यांगसुननं शाळेच्या पोरीसारखी वही केली. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला गुण. हे कातडीत पाणी धरून ठेवतं. हे धरलेलं पाणी उडू देत नाही. हे सुरकुतीवर चालतं पण झोंबतं. वही भरली तशी गावात तिची पत वाढली. तिच्याच कंपनीची एखादी डबी पोकळ निघाली तर तीही ती सांगायची, "ही नगं घेऊस, नुसता वास हाय." म्हणून तर बायका तिच्यावर डोळे झाकून विसंबायच्या.

त्या थंडीत, शिंपल्यांचा हंगाम ऐन भरात असताना, दोक्नाम एक पांढरी डबी घेऊन चावडीत आली. एकाहत्तर वर्षांची बाई. वाऱ्यानं, खाऱ्या पाण्यानं तोंड सुकवलेल्या मासळीसारखं झालेलं. जन्मात तोंडाला काही लावलं नव्हतं. पण धाकट्या पोराचं, ताएबोमचं, सोल शहरातल्या एका मुलीशी ठरत होतं आणि दोन्ही घरच्यांनी समोरासमोर बसून जेवायचा दिवस तीन आठवड्यांवर आला होता.

"पोरीनं धाडलीया," दोक्नाम म्हणाली. लपवूनही आनंद लपत नव्हता. "दासोम नाव तिचं. कातडीच्या डॉक्टरकडं नावं लिवून घ्यायला बसती. बघ गं यांगसुन, तुझ्या भिंगानं."

"आत्तापासनंच सासूला रंगवाया लागली सून," पिल्सुन म्हणाली. पिल्सुन ही गावच्या पाटलाची बायको. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

यांगसुननं डबी पालथी घातली. पाणी. ग्लिसरीन. मग पाणी उडू न देणारं तेल. मग सेरामाइड, फुटलेली कातडी सांधणारं, ज्याच्याखाली ती आपल्या वहीत दोन रेघा मारून ठेवायची आणि जे बाकीच्या डब्यांत पार शेपटाला असायचं, ते इथं टिकवायच्या औषधाच्या कितीतरी आधी होतं. वास घातलेला नव्हता. रंग नव्हता. फुटलेल्या, भाजलेल्या, म्हाताऱ्या कातडीला हवं तेवढंच होतं, आणि भरपूर होतं.

अक्षरं भिंगाखाली बसत गेली तसा यांगसुनचा हात आपल्या पिशवीवर गेला. तिच्या पिशवीत कंपनीनं नुकतीच दिलेली सोनेरी डबी होती, सुरकुत्यांवरची. तिच्यात सुरकुतीवरचं ते झोंबरं औषध होतं, आणि जिच्या नावावर डबी खपायची ती जिनसेंगची मुळी वासाच्याही मागं होती.

"काय गं?" पिल्सुन हसली. "तुझ्या सोन्याच्या डबीपरास बरी दिसतीया वाटतं! मग आम्ही बी तिच्याकडनंच मागवू की. फोनवर दोन दिसांत घरपोच येतंय म्हणं."

अकरा बायका हसल्या. चेष्टाच होती. पण यांगसुनच्या डोळ्यांसमोर भरलेलीच परत येणारी पिशवी आली.

"पाणी हाय, आक्का," ती म्हणाली. "पयलं पाणी. मग ग्लिसरीन. मग तेल."

आणि तिथं थांबली. चौथं नाव वाचलंच नाही. एक अक्षर खोटं बोलली नाही ती. जगातल्या जवळजवळ प्रत्येक मलमाच्या पाठीवर पहिलं पाणीच असतं. तिच्या सोनेरी डबीच्याही होतं. पण ते चावडीत कुणाला ठाऊक होतं?

"पाणी?" दोक्नामचं तोंड उतरलं.

"आगं बया, सुनेनं डबीत घालून पाणी पाजलं सासूला!" पिल्सुन मांडीवर थाप मारून म्हणाली. हशा पिकला. दोक्नामनं डबी झग्याच्या खिशात कोंबली.

जाताना यांगसुननं तिला दारात गाठलं आणि सोनेरी डबी हातात ठेवली. "ही लाव. सुरकुत्या जात्यात. जेवणाच्या दिवसापतूर तोंड कसं टरबुजासारखं गुळगुळीत हुईल. झोपायच्या आधी लावायची, बास."

कंपनीच्या वर्गात शिकवलं होतं ते बरंच लांब होतं. रात्रीच लावा, मटाराएवढंच, आठवड्यातनं दोनदा, लावल्यावर ऊन टाळा, झोंबलं तर बंद करा. यांगसुनला ते तोंडपाठ होतं. पण तिला लवकर तिथनं जायचं होतं. दोक्नामच्या डोळ्यांत बघवत नव्हतं.

पुढले अडीच आठवडे ती वरच्या गावांतनं हिंडली. सोलगेकडं पाय वळत नव्हता. आपण काय केलं, असं मन विचारायचं आणि तीच उत्तर द्यायची, काय केलं? खोटं तर बोलले नाही. असं दिवसातनं दहादा.

जेवण शनिवारी होतं. गुरुवारी दुपारी ती चावडीत शिरली आणि दारातच थबकली. दोक्नाम भिंतीला टेकून रताळं सोलत बसली होती. तोंड लालबुंद. नाकाच्या दोन्ही बाजूंना, कपाळावर कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटलेली. डोळ्यांखाली सूज.

"आक्का, ह्ये काय?"

"जुनं कातडं निघतंय," दोक्नाम समजुतीनं म्हणाली. "झोंबतंय लई, पर तू म्हणालीस न्हवं, सुरकुत्या जात्यात म्हणून. जुनं गेल्याबिगर नवं कसं यील? रोज लावती बघ. झोपायच्या आधी."

"झोपता कवा तुम्ही?"

"कवा म्हंजी? ओहोटी सांगल तवा. ह्या दिसांत पहाटेची ओहोटी हाय. बत्ती बांधून जायाचं, धा वाजता यायाचं, खायाचं, लावायाचं, झोपायाचं. तीनला पुन्यांदा चिखलात."

यांगसुननं पिशवी खाली ठेवली. तीस वर्षं या गावात राहून तिला हे सुचलं नव्हतं. झोप म्हणजे रात्र, हे डोंगरातल्या माणसाचं गणित. सोलगेच्या बायकांची झोप समुद्र ठरवतो. ते झोंबरं औषध थापून ही बाई रोज तिन्ही सांजेपर्यंत उन्हात, खाऱ्या वाऱ्यात गुडघ्यावर बसत होती. ऊन वरनं एकदा आणि ओल्या चिखलावरनं उलटून एकदा.

"मटाराएवढं लावायचं हुतं, आक्का..."

"मी आक्रोडाएवढं लावलं. तुझी डबी म्हणून हात आखडला न्हाई." दोक्नाम हसली आणि हसताना गाल ताणला म्हणून कळवळली. मग तिनं पायमोजे ओढून काढले आणि पाय पुढं केले. "पर गंमत बघ. त्या पोरीची डबी टाकून द्याया जीव हुईना. म्हणलं पाणी तर पाणी, टाचांस्नी लावू. कुत्र्याच्या बी पंजांस्नी लावलं. बघ."

टाचा बघून बायका पुढं सरकल्या. जन्मभर रबरी बुटात कुजलेल्या, करवंटीसारख्या तडकलेल्या त्या टाचा भरून आल्या होत्या. पिल्सुननं बोट लावून बघितलं. "आगं, ह्या तर नवरीच्या टाचा!"

"पाण्यानं एवढं हुतंय तर बघा," दोक्नाम म्हणाली. "पोरीला मी फोनवर सांगून बसले, नुसतं पाणी धाडलंस म्हणून. गप झाली. म्हणाली, चुकलं माझं, आई. तवापासनं फोन न्हाई तिचा. ताएबोम बी तुटक बोलतोय." ती रताळ्याचं साल नखानं काढत राहिली. "शनवारी कसं तोंड दावू, त्ये ह्या तोंडामुळं न्हाई वाटत मला."

यांगसुनला वाटलं, आपण पुन्हा कमरेपर्यंत रुतलोय, आणि या खेपेला वेणी धरायला कुणी नाही. उठून गेलं असतं तरी चाललं असतं. कुणाला काही कळलं नसतं. टाचा बोलत नाहीत.

"डबी कुठं हाय, आक्का?"

"बुटापाशी."

ती उठली. बुटांच्या रांगेतनं चिखलानं माखलेली पांढरी डबी घेऊन आली, बाहीनं पुसली, पालथी घातली. भिंग काढलं. डबी मांडीवर ठेवून ते दोन्ही हातांनी धरलं.

"पाणी," ती मोठ्यानं म्हणाली. "ग्लिसरीन. तेल."

"त्ये झालंय की वाचून," पिल्सुन म्हणाली.

"सेरामाइड," यांगसुन म्हणाली. आणि मग एकेक नाव, एकेक गुण, शेवटापर्यंत. शेवटी पिशवीतनं सोनेरी डबी काढली आणि तीही वाचली. पाणी, इथंही पहिलं. वास कितव्या जागी. जिनसेंग कितव्या जागी. वाचून झालं तेव्हा तिनं दोन्ही डब्या शेजारी-शेजारी ठेवल्या.

"त्या दिशी मी तिसऱ्यावरच थांबले," ती म्हणाली. "पुढचं मला दिसलं हुतं. माझ्या पिशवीसाठी थांबले."

दोक्नामनं हातातलं रताळं खाली ठेवलं. ओरडली नाही. ती ओरडली असती तर यांगसुनला बरं वाटलं असतं.

"तोंडाचं जाऊ दे," दोक्नाम म्हणाली. "तोंड काय, आदीच चिखलाचं. पर माझ्या घरात सून यायच्या आदी तू तिला माझ्याच तोंडानं शिवी दिलीस गं." तिनं खिशातला फोन काढला, पोरानं लावून दिलेलं बटण दाबलं आणि यांगसुनपुढं धरला. "सांग तिला. तूच."

पलीकडून दासोमचा आवाज आला. यांगसुननं सगळं सांगितलं, अडखळत, एका दमात.

"काकू," दासोम म्हणाली, "तुमच्याबद्दल आईंनी आधीच सांगितलं होतं. आमच्या गावात एक बाई आहे, ती पाठ वाचते, तिला फसवता येत नाही. म्हणून मी दुकानातल्या सगळ्या डब्यांच्या पाठी वाचल्या. म्हटलं, त्या काकूंना आवडेल अशीच घ्यावी."

यांगसुननं पांढरी डबी उचलून मुठीत धरली.

"आईंना सांगा, ते सोनेरी आजपासून बंद. पांढरं जाड लावा, दिवसातनं तीनदा. उन्हात जाऊच नका दोन दिवस. आणि शनिवारी तोंड झाकायला रंग-पावडर काही थापू नका. माझी आई विचारणार नाही." मग ती म्हणाली, "मी सांगून ठेवते."

रागानं नाही, लोभानंही नाही. डॉक्टरकडं नाव लिहून घ्यावं तसं बोलली पोर. ते यांगसुनला जास्त लागलं.

दोक्नाम शनिवारी सोललेल्या तोंडानंच गेली. लग्न झालं. त्या दोघींचं पुढं काय जमलं, काय नाही, ते यांगसुनला कुणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. सोनेरी डबी तिनं सोलगेत पुन्हा विकली नाही. पिशवी हलकी झाली. गिऱ्हाइकीची काही घरं तुटली, काही राहिली.

दोक्नाम तिच्याकडनं परत काही घेत नाही. पण सुनेकडनं, लेकीकडनं, कुणाकडनंही डबी आली की ती चावडीत येते, सगळ्यांसमोर यांगसुनपुढं ठेवते आणि भिंतीला टेकून बसते. यांगसुन खिडकीकडं सरकते, वाचायला लागते. नावं संपतात. ती मान वर करते.

"खालपतूर," दोक्नाम म्हणते.

मग यांगसुन कारखान्याचा पत्ता वाचते, बनवल्याची तारीख वाचते, वाया जायची तारीख वाचते, आणि अगदी तळाशी काळ्या उभ्या रेघांच्या खाली जे तेरा आकडे असतात, तेही एकेक करून वाचते.