दोघांवरचा माहितीपट

त्या रविवारी मी घरीच बसायला हवं होतं. साखळी गावातल्या फिल्म क्लबात एक जुना दिग्दर्शक आणि त्याचा कॅमेरामन यांच्यावरचा माहितीपट दाखवणार होते. चाळीस वर्षं दोघांनी मिळून सिनेमे केलेले. निमंत्रण मोबाईलवर आलं तसं मी ते मुकाट्याने पुसून टाकलं. पण आदल्या दिवशी पेडण्याहून मित्राचा फोन आलाच.

"हांव फाल्यां दोनांक पावतां. आमचीच गजाल ती, चुकोवन कशें चलतलें?"

आमचीच गोष्ट म्हणाला, कारण हा मित्र म्हणजे माझा कॅमेरामन. सव्वीस वर्षं आम्ही डिचोली-पेडण्यातल्या लग्नांचे व्हिडिओ केले. चित्रण त्याचं, एडिटिंग माझं. नवरा-नवरीला सोडून तो मागीलदारी वडे तळणाऱ्या एखाद्या काकूंवर कॅमेरा लावून बसायचा आणि मी करवादायचो. काही वर्षांनी त्याच घरचे लोक माझ्या दारात येऊन म्हणायचे, काकू गेल्या, तेवढा भाग काढून द्या.

दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरू लागला. डिचोलीच्या एका लग्नात नेमकं मंगळसूत्र बांधतानाचं चित्रण हललं आणि नवरीच्या वडिलांनी मला चारचौघांत सुनावलं. तेव्हापासून मी दुसऱ्या माणसाला नेतो. मित्राला सांगितलं, लोक आता मोबाईलवरच काढतात रे, कामंच येत नाहीत. त्याला कळू नये म्हणून पेडण्यातली लग्नं घेणं बंद केलं. एवढी अक्कल मी त्याच्या भल्यासाठी कधी खर्च केली नव्हती.

तो म्हापशाला बस बदलून आला, लग्नांना घालायचा तोच पांढरा शर्ट कडक इस्त्री करून. मला ओढत पहिल्या रांगेत घेऊन गेला. पडद्यावर तो म्हातारा कॅमेरामन सांगत होता की दिग्दर्शक कधी कॅमेऱ्यातून बघायचाच नाही. शॉट संपला की एवढंच विचारायचा, मिळालं का? मित्राने मला कोपराने ढोसलं. लग्नात मीही त्याला तेवढंच विचारायचो.

मग कुणीतरी सांगितलं, हा कॅमेरामन आजारी पडला तेव्हा दिग्दर्शकाने दुसरा शोधला नाही. दोन वर्षं काम बंद ठेवून थांबला. सभागृहात टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात माझा मित्र वाजवत होता, उजवा हात डाव्यावर नीट बसत नव्हता तरी. मला विलक्षण लाज वाटली. पण मीही टाळ्या वाजवल्या, न वाजवून कसं चाललं असतं?

नंतर आम्ही हॉटेलात बसलो. पातळभाजी आणि पावाचे उंडे मागवले. आज सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं. पहिलं वाक्यसुद्धा मनात जुळवून ठेवलं होतं. पण तोच आधी बोलला.

"तुका एक सांगूंक ना."

भाच्याने मोप्याला विमानतळावर त्याच्यासाठी काम बघितलं होतं. बसून करायचं, सामानाच्या ट्रॉल्यांवर देखरेख. घरापासून जवळ आणि बारमाही. गेल्या आठवड्यात त्याने नको म्हणून कळवलं. जागा दुसऱ्याला गेलीसुद्धा.

"कित्याक रे?" मी विचारलं.

"तुळशीचें लगीन जालें की आमचीं कामां येतलीं मरे. दोन वर्सां वायट गेलीं म्हूण सदांच तशें ना. आनी तेन्ना तूं एकटो कितें करतलो?"

माझ्या खिशातल्या मोबाईलमध्ये तुळशीच्या लग्नानंतरच्या सात लग्नांच्या तारखा होत्या. जुळवलेलं वाक्य सोडून मी उंड्याचा तुकडा मोडला. त्याने दोन्ही हातांनी धरलेला चहाचा कप खाली ठेवला आणि मी काहीतरी म्हणेन म्हणून माझ्याकडे बघत राहिला.

"बरें केलें," मी म्हटलं.