थोडं इकडंतिकडं

सावेडीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे प्राध्यापक कुठलाही आकडा मोकळा सोडत नाहीत. वेळ विचारली तर "साडेसात, दोन मिनिटं इकडंतिकडं." दूधवाल्यालाही एकदा म्हणाले, "एक लिटर, थोडं इकडंतिकडं." तो भडकलाच. "माप चोख हाय माझं, सर!" सर ओशाळले. "अहो, माप म्हटलं की चूक आलीच. किती चूक, तेवढं सांगायचं असतं."

हिग्स नावाच्या कणाचं वजन काटेकोर मोजायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरी घडवणारं यंत्र परदेशात व्हायचं आहे. अजून खड्डाही खणलेला नाही. सर कॉम्प्युटरवर खोट्या टकरी घडवतात आणि खऱ्या यंत्रात किती चूक राहील, ते काढत बसतात. त्यातच केस पांढरे झाले. यंत्र कधी सुरू होणार, असं मी दर दिवाळीला विचारायचो. "पंधरा वर्षं, चार-पाच इकडंतिकडं," हे उत्तर ठरलेलं. पंधराचे चौदा मात्र कधी झाले नाहीत.

परवा ते पार्किंगमध्ये स्कूटर पुसत होते. यंत्राचा निर्णय पुन्हा लांबल्याचं त्यांनीच सांगितलं. मी सवयीनं विचारलं, "मग आता कधी?"

"माझ्या हयातीत नाही."

मी थांबलो. पुढचं काहीच येईना, तेव्हा मीच म्हटलं, "थोडं इकडंतिकडं, सर?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली, फडक्याची नीट घडी घातली आणि खोट्या टकरी घडवायला जिना चढून गेले.