न काढलेली नळी

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही — बायकोपाशीही नाही. अतिदक्षता विभागात परिचारक म्हणून माझे निम्म्याहून अधिक आयुष्य गेले. नव्या परिचारिकांना नळ्यांची निगा मीच शिकवतो, आणि शिकवताना एका वाक्यापाशी माझा आवाज खाली येतो: जी नळी आता लागत नाही, ती काढण्याची आठवण डॉक्टरांना रोज आपण करून द्यायची.

ती आठवण मी एकदा करून दिली नाही. विसरलो होतो का? नाही. विसरलो असतो, तर हे ओझे वाहून इतका थकलो नसतो.

काही वर्षांपूर्वी सानगडीच्या एक म्हाताऱ्या बाई न्यूमोनियाने आल्या. सावरल्या, उठून बसू लागल्या. लघवीच्या नळीची गरज संपली होती. पण नळी काढली की दरवेळी भांडे द्यायचे, चादरी बदलायच्या — आणि आम्ही माणसे थोडी. नळी माझ्या सोयीसाठी राहिली. त्या स्वतःच म्हणाल्या, "काढून टाक ना बाबू, सगे येतेत, मले लाज वाटते." मी म्हणालो, डॉक्टर नको म्हणतात. डॉक्टरांना मी विचारलेच नव्हते.

त्यांची ती लाज सून ओळखून होती. गावची माणसे भेटायला आली की खाटेला लटकणारी लघवीची पिशवी ती उचलून सासूजवळ, पांघरुणाखाली ठेवी. पिशवी वर गेली की लघवी उलटी फिरते, हे तिला कोणी सांगायचे? मीच ना? मी पाहिले, पिशवी पुन्हा खाली अडकवली आणि गप्प राहिलो — बोलण्याचाही कंटाळा आला होता.

मग ताप चढला. नळीवाटे शिरलेला संसर्ग रक्तात उतरला, आणि बाई गेल्या. मुलाने विचारले, बरी होत होती, मग झाले काय? — मी त्याच्या बायकोकडे बोट केले. यांनी पिशवी वर उचलली, म्हणालो. ती पदराला हात पुसत राहिली.

अलीकडे तिचा सासरा आमच्याकडे भरती झाला. तिने मला ओळखले. आत जाण्याआधी मी तिला हात स्वच्छ करायला सांगितले, तर ती मागे सरकली.

"मी नाही लावत हात, भाऊ. सासूले मीच खाल्लं म्हणतेत घरी. बुढ्याले पाणी बी नणंदच पाजते."

रागाने नव्हे, आपल्या गावाचे नाव सांगावे, तशी बोलली.

तेव्हाच बोललो का? नाही. नोकरीची भीती वाटली. पाळी संपेपर्यंत रेंगाळलो. बाहेर बाकावर तिचा नवरा आणि नणंद डबा उघडून बसले होते, ती जरा अंतरावर. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"तुमच्या आईची नळी वेळेवर निघाले पाहिजे होती," मी म्हणालो. "आई सोताच म्हणत होती. मी डॉक्टरले विचारलं नाही, अन् आईले खोटं सांगितलं. पिशवी वर नाही ठेवाची, हे बी हिले मी सांगितलं नाही. अन् मंग बोट हिच्याकडं केलं." मग तिच्याकडे वळलो. "बाई, दोष माहा होता. तुमच्यावर टाकला. चुकलो मी."