म्हशीला परमिट नव्हतं

रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवलेल्या मुलीने रत्नागिरीत एक तर शाळेत शिकवावं, नाहीतर लग्न करून मोकळं व्हावं, अशी ऐंशीच्या पुढच्या त्या वर्षांत सगळ्यांची समजूत होती. मी तिसरंच केलं. दारूच्या कारखान्यात नोकरी धरली.

आमची आई शेजारीपाजारी सांगताना ‘सरबताचा कारखाना’ म्हणायची. कारखाना म्हणजे तरी काय, पालीच्या अलीकडे रस्त्याला लागून असलेल्या एका बागेत चिरेबंदी शेड, हाताने फिरवायचं एक दाबयंत्र, झाकणांतून नळ्या काढलेले निळे ड्रम आणि मालकीणबाई. त्यांना सगळे काकू म्हणत, मीही काकूच म्हणायची. पन्नाशीच्या, नऊवारीतल्या, विधवा बाई. आंबा-काजूची बाग त्या एकट्या सांभाळायच्या. काजूची बी काढून घेतली की बोंडं झाडाखाली टाकून द्यायची, ही सगळीकडची रीत. ती लालपिवळी रसरशीत फळं कुजताना पाहून काकूंचा जीव तुटायचा. आधी त्यांनी सरबत करून पाहिलं, ते प्यायल्यावर घसा असा धरायचा की माणूस बोलायचा थांबे. मग कुठल्याशा शेती प्रदर्शनात त्यांना कुणीतरी सांगितलं, बोंडांची वाईन होते. लायसन्ससाठी त्यांनी किती चपला झिजवल्या ते त्याच जाणोत, पण मिळवलं.

‘पर्यावरण’ हा शब्द आम्ही तेव्हा पेपरात क्वचित वाचायचो. काकूंच्या तोंडी एकच असे, “अगो, फुकट घालवू नको.” बाटल्या जुन्याच, भंगारवाल्याकडून आणून सोड्याच्या पाण्यात उकळलेल्या. धुण्याचं शेवटचं स्वच्छ पाणी पुढच्या बाटल्यांच्या पहिल्या धुण्याला, आणि ते गढूळ झालं की पाटाने पोफळींना. रसाचा तुरटपणा मारायला भाताची पेज घालायची, ती घरच्याच भाताची. ड्रमच्या तळाशी यीस्टचा गाळ बसायचा. तो फेकताना मला पाहून त्यांनी हात धरला आणि वाटीभर गाळ आंबोळीच्या पिठात ढवळला. सकाळी बघतो तर पीठ पातेल्यातून उतरून चुलीपर्यंत चालत आलेलं. आंबोळ्या उशीसारख्या फुगल्या. खाताना आम्ही दोघी इतक्या हसलो की माझ्या नाकातून चटणी बाहेर आली.

राहिला तो चोथा. बोंडं पिळली की त्याचे ढीगच्या ढीग पडायचे. बागेच्या कुंपणापलीकडे एक वहिनी राहत. नवरा मुंबईला गिरणीत, इथे त्या आणि त्यांची म्हैस. काकूंनी त्यांना विचारलं, “म्हशीला चोथा चालेल का गो?” वहिनींनी मूठभर टाकून पाहिला. म्हशीने चाटूनपुसून खाल्ला आणि मान वर करून आणखी मागितला. झालं, आमचा प्रश्न सुटला. रोज पिळून झालं की ताजा चोथा टोपलीतून कुंपणापलीकडे.

एकदा मात्र दाबयंत्राचा दांडा वाकला. तो पालीच्या लोहाराकडून सरळ करून आणेपर्यंत चोथा शेडमागे पडून राहिला, वरून वैशाखातलं ऊन. सकाळी आले तेव्हा ढिगाला गोडसर, चढणारा वास येत होता. रसायनशास्त्राच्या पदवीधर बाईने त्या वासावरून काहीतरी ओळखायला हवं होतं. पण मी दांडा बसवायच्या नादात, आणि काकूंनी टोपल्या पलीकडे देऊनही टाकल्या.

तासाभराने वहिनी पदर खोचून, ओरडतच आल्या.

“काकू, माझ्या म्हशीला काय घातलात? दावं तोडून रस्त्यात जाऊन बसलीय नि उठायचं नाव घेत नाय!”

आम्ही धावलो. भर रस्त्यात म्हैस पाय पसरून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, एक कान वर, एक खाली, आणि घशातून असा लांबलचक सूर की ना रेकणं ना गाणं. तिच्यासमोर कोल्हापूरकडून आलेली एसटी उभी. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता आणि प्रत्येक हॉर्नला म्हैस तितक्याच प्रेमाने उत्तर देत होती. सगळे उतारू खाली उतरून हसत होते.

“आजारी आहे काय हो?” कुणीतरी विचारलं.

वहिनी फणकारल्या, “आजारी कसली! झिंगलीय!”

हे ऐकून गर्दीला जे हसू फुटलं, ते थांबेना. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागला. वहिनींना आधी राग आला होता, पण म्हशीने मान वळवून त्यांच्या साडीचा काठ चघळायला घेतल्यावर त्याही खाली बसून हसू लागल्या.

त्या गर्दीतून एक गृहस्थ पुढे आले. कडक इस्त्रीचा शर्ट, बगलेत चामडी बॅग.

“इथे काजूच्या वाईनचा कारखाना कुठेसा आहे?”

वहिनींनी बसल्याबसल्या काकूंकडे बोट केलं. “ह्या काय! ह्यांचाच!”

ते दारूबंदी खात्याचे साहेब निघाले. तपासणीला आले होते. साहेबांनी म्हशीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. त्या काळी पिणाऱ्याला परमिट लागायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

चेहऱ्यावरची रेषही न हलवता साहेब म्हणाले, “या म्हशीकडे परमिट आहे का?”

काकूंनी पदर सावरला. “परमिट नाही, साहेब. पण वयाने सज्ञान आहे. दोन वेतं झालीत.”

मग साहेबांच्या मिशा थरथरू लागल्या, आणि तो गंभीर माणूस कमरेत वाकून असा हसला की बगलेतली बॅग खाली पडली. ड्रायव्हर, कंडक्टर, साहेब आणि मी अशा चौघांनी म्हशीला मागून रेटलं. काकू पुढून पाण्याची बादली दाखवत होत्या. म्हैस उठली, झुलत झुलत चार पावलं गेली, आणि उतारूंनी टाळ्या वाजवल्या.

शेडमध्ये आल्यावर साहेब पुन्हा साहेब झाले. सगळं नीट पाहिलं, आणि निघताना बजावलं, “बाई, आंबलेला चोथा आवाराबाहेर गेला म्हणजे दारूच बाहेर गेली. पुन्हा असं चालायचं नाही.”

मग आम्ही नाना खटपटी केल्या. चोथा पुरून पाहिला तर कोल्ह्यांनी उकरला. धुऊन पाहिला तर पाणी फार लागायला लागलं. शेवटी मी म्हटलं, आंबायला ओल लागते, तर ओलच काढून टाकू. बागेच्या वरच्या अंगाला मोकळा कातळ होता, उन्हात तव्यासारखा तापायचा. पिळल्या पिळल्या चोथा माडाच्या विणलेल्या झापांवर पातळ पसरला. संध्याकाळी तो कुरकुरीत, बदामी झाला होता. भाताच्या कोंड्यात मिसळून काकूंनी टोपली वहिनींपुढे धरली. वहिनींनी हात मागे घेतले.

“नको बाय. परत गाणी म्हणायला लागली तर?”

काकूंनी चिमूट उचलली, स्वतःच्या तोंडात टाकली, चावली. आम्ही दोघी त्यांच्याकडे पाहत राहिलो.

“काही होत नाही गो,” त्या म्हणाल्या. “जरा जास्त चावावं लागतं, एवढंच.”

म्हैस शुद्धीत राहिली, दूधही वाढलं. मग वाडीतल्या इतरही गोठ्यांतून टोपल्या यायला लागल्या. बदल्यात शेणखत यायचं, ते कलमांना. शेडमागची घाण, माशा, वास, सगळं गेलं.

पावसाच्या तोंडावर पहिली वाईन गाळून तयार झाली. सोनेरी, नितळ. काकूंनी जन्मात दारूला हात लावला नव्हता, मीही नाही. पण चव घेतल्याशिवाय विकायची कशी? वहिनींनाही बोलावलं. पितळी फुलपात्रांतून एकेक घोट घेतला. मला आधी फुलासारखा वास आला, मग जिभेवर हलकी आंबट चुणचुण. काकूंनी डोळे मिटून दुसरा घोट घेतला आणि म्हणाल्या, “अगो, आणि एवढी वर्षं ही आपण मातीत घालत होतो!”

तिसऱ्या घोटानंतर वहिनींनी पदर खोचला आणि काकूंचे हात धरले. शेडच्या नुकत्याच धुतलेल्या ओल्या फरशीवर त्या दोघी फुगडी खेळल्या. काकूंच्या नऊवारीचा पदर उडाला, अंबाडा सुटला. बाटल्या किणकिणत होत्या आणि मी ड्रमला पाठ टेकून टाळ्या वाजवत होते.

कारखाना त्यानंतर काही हंगाम चालला. मी लग्न होऊन राजापूरला गेले, काकूंचे गुडघे दुखायला लागले, बाटल्या धुणारं कुणी मिळेना, आणि शेडमध्ये आंब्याच्या पेट्या रचल्या गेल्या. मी पुढे बऱ्याच नोकऱ्या केल्या, चांगल्या पगाराच्या, पंख्याखालच्या. पण सकाळी कामावर जायला इतकी घाई मला पुन्हा कधी झाली नाही.