पंचशीलानं छाटलेली फांदी

आमच्या ऑफिसात पंचशीलाएवढं हुशार कुणी नव्हतं, पण तिच्या तोंडावर मी हे कधी कबूल केलं न्हाई. मी औशाचा मन्मथ, तिच्या बाजूच्याच टेबलावर. लातूरला रेल्वेनं पाणी आलं आणि उदगीरच्या नव्या जिल्ह्याच्या गप्पांनी कान किटले, तो उन्हाळा. टँकरनं कुठं कुठं थांबायचं हे ड्रायव्हरच्या मोबाईलवर दाखवणारा प्रोग्राम आमच्याकडं होता.

आपण प्रोग्राम ओळींत लिहितो. कंपाइल होताना, म्हणजे मशीनला कळेल अशा भाषेत उतरताना, त्या ओळींचं आधी झाड बनतं, एकेका हुकमाची एकेक फांदी. पंचशीला त्या झाडालाच हात घालायची. वर ओळी जशाच्या तशा, आत फांदी गायब. लई नाजूक काम.

डिझेल लई जातंय म्हणून साहेब बोंबलत होते. पंचशीलानं बघितलं, एकाच ग्रामपंचायतीत टँकर दोनदा थांबतो. तिनं नियम घातला: झाडात तसे दोन थांबे दिसले की दुसरा छाटायचा. साहेब खूश. माझा नुसता जळफळाट.

मग तिच्या आईचा, सरजाबाईंचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता.

"टँकर गावात येतो, वस्तीवर येईना गं. पाराजवळच्या टाकीवर गेले तर म्हणले, तुमचा टँकर तुमच्याकडं येतो की, हितं कशाला आलाव? रिकामी घागर घेऊन परत आले. साहेबाला इचार बाई, कुण्या मुडद्यानं आपली वस्ती काढली."

मी घाईघाईनं ओळी उघडल्या. "हे काय, वस्तीचा थांबा हाय की!"

"ओळीत हाय," ती म्हणाली. "झाडात न्हाई."

पहिला थांबा गाव, दुसरा वस्ती. सगळीकडं तसंच, म्हणजे गावोगाव वस्तीच छाटली गेली. मला तरी कुठं सुचलं होतं? पण मी पाराजवळच्या घरातला, टाकीवरून मला कुणी कधी हाकललं नव्हतं. तिला लहानपणी हाकललं होतं, आणि तरी तिनंच हे केलं. लाजेनं तिचं तोंड वर होईना. तिनं नियम काढला, प्रोग्राम परत कंपाइल केला. साहेब म्हणाले, "कुणाला कळणार हाय? गप ऱ्हा."

ती गप राहिली न्हाई. पहिल्या टँकरबरोबर वस्तीवर निघाली, मीही गेलो. बाया घागरी घेऊन धावल्या. सरजाबाई ओरडून सांगत होत्या, "माझ्या लेकीनं आणला टँकर!" त्यांनी पहिला पेला भरून तिच्याच हातात दिला.

"आई, वस्ती मीच काढली होती."

"चूक झाली हो मावशी, मशीनचं काम..." मी मधेच तोंड घातलं. माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा न्हाई.

सरजाबाईंनी पेला काढून घेतला. पाणी घागरीत परत ओतलं, थेंब सांडू दिला न्हाई.

"गाववाल्याचं सोड," त्या हळू म्हणाल्या. "तुला बी आमी दिसलो न्हाई व्हय गं?"