टोपलीचा काठ

कतारमधल्या अल खोरहून साइटवर जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ती रोज माझ्या शेजारी बसायची. घानाची होती, आर्किटेक्ट. वर्ल्डकपसाठी आम्ही प्रेक्षकांचा एक मंडप उभारत होतो. त्याच्या छताची जाळी तिने कॉम्प्युटरवर बसवली होती, आईच्या टोपल्यांच्या विणीवरून. स्टीलची ड्रॉइंग्ज मी करायचे.

बसमध्ये तिचे हात कधी रिकामे नसत. खोक्यांना बांधतात त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या घेऊन ती टोपली विणायची, आणि साइट दिसू लागली की सगळी उसवून टाकायची. मला ते बघवेना. एकदा म्हटलंच, "उसवतेस कशाला? राहू दे की!"

"काठ वळता येत नाही मला," ती म्हणाली. "मी मधली वीणच शिकले. कॉम्प्युटरला तेवढी पुरली."

मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "काल आईला फोनवर छताचं चित्र दाखवलं. खूप वेळ बघत होती. म्हणाली, 'काठ कुठाय? काठ पाहिल्याशिवाय टोपली कुणाची ते बाजारात कसं कळणार?' मी नेटवर्क जातंय म्हणाले आणि फोन बंद केला."

ड्रायव्हरने "यल्ला, चलो" म्हणत दार उघडलं. तिने पट्ट्या पर्समध्ये कोंबल्या. निदान तिच्या आईचं नाव विचारावं, असं मनात आलं, पण मी हेल्मेट उचललं आणि उतरले. त्या छताच्या काठाचं ड्रॉइंग माझ्याच टेबलावर होतं. काठभर प्रायोजकाचं नाव येणार होतं, आणि अक्षरं लांबून वाचता यावीत म्हणून काठ आणखी रुंद करायला मीच सुचवलं होतं.