सावद्याचा बिनबुडाचा खिसा

प्रवासवर्णन म्हटल्यावर तुम्ही पाठीशी उशी घेऊन बसला असाल. आता बर्फ येणार, मोठमोठे डोंगर येणार, एखादी गोरी बाई हसून रस्ता सांगणार. उशी काढून ठेवा. मी धुळ्याहून सावद्याला गेलो आणि जळगाव करून परत आलो, बस. पासपोर्ट काही लागला नाही. पासपोर्ट साइजचे फोटो मात्र लागले, आणि त्यांनी असा घोळ घातला की परदेश परवडला असता.

मी मूळचा एरंडोलचा. बारावी कशीबशी निघाली, कारण वर्गात माझं लक्ष सरांच्या शिकवण्यापेक्षा त्यांच्या चालण्याबोलण्याकडे जास्त. हेडमास्तर चष्मा कपाळावर ढकलून कसे खाकरतात ते मी त्यांच्यापेक्षा बरं करायचो, असं पोरं म्हणायची. एकदा ते माझ्या मागेच उभे होते. त्यांचं मत वेगळं पडलं.

पुढे धुळ्यात मालतीअक्कांकडे चिकटलो. अक्का शाळेतून रिटायर झालेल्या बाई. अपंग लोकांना सरकारी दाखले, एसटीची सवलत, निराधारचा पगार मिळवून द्यायचं काम त्यांनी घराच्या ओट्यावर सुरू केलं होतं. अर्ज त्या भरायच्या, माणसांना घेऊन ऑफिसा-ऑफिसांत मी फिरायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून एक नियम सांगितला. दुनियेची नक्कल कर, माझीही कर, तू करतोस ते मला कळतं. पण आपल्या ओट्यावर येणाऱ्या माणसाची चाल, बोलणं, हातवारे, यातलं काही म्हणजे काही करायचं नाही. ज्या दिवशी करशील त्या दिवशी पिशवी उचल आणि एरंडोलला जा.

थंडीचे दिवस होते. मंगळवारी सकाळी धुळ्याच्या स्टँडवर जळगाव गाडीला ही झुंबड. मुंगीला पाय ठेवायला जागा नाही आणि कंडक्टर ओरडतोय, "पुढे सरका रे भो, बठ्ठी गाडी रिकामी शे" (सगळी गाडी रिकामी आहे). पारोळ्यापर्यंत मी तो आवाज घशात बसवला आणि एरंडोल यायच्या आत मागून तस्साच ओरडलो. चार-पाच माणसं खरंच पुढे सरकली. कंडक्टरनं मला दारापाशी उभं केलं, जळगावपर्यंत.

एरंडोलला गाडी दहा मिनिटं थांबली. स्टँडवर आमच्या गल्लीतले नाना भेटले. कामधंदा लागला का, सरकारी आहे का, असं विचारायला लागले. मी म्हटलं, नाना, सरकारच्या दारात रोज उभा असतो. ते खूश झाले. घरी जाऊन त्यांनी काय सांगितलं असेल ते सांगितलं असेल.

जळगावला गाडी बदलली, भुसावळ मागे पडलं, तापी ओलांडली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी सुरू झाल्या. आमच्या धुळ्याकडे नजर टाकली की मोकळं माळरान दिसतं. इथे नजर जातच नाही, पानांना अडकते. गाडी हिरव्या पाण्याच्या तळातून चालल्यासारखी वाटते. मधेच केळीनं भरलेला ट्रक समोर आला की दोन्ही ड्रायव्हर एकमेकांकडे बघत बसतात, आधी कोण मागे घेतो म्हणून.

सावद्याला ज्यांना न्यायचं त्यांचं नाव प्रल्हादभाऊ. लहानपणी पोलिओनं उजवा पाय गेलेला. केळीच्या काट्यावर बसून गाड्यांच्या वजनाच्या चिठ्ठ्या लिहायचे. आता स्टँडजवळ टेलिफोनचा बूथ अपंगांसाठी सुटला होता. सावद्यात टेलिफोन म्हणजे काय चीज ते बाहेरच्याला कळायचं नाही. दिल्लीला केळीला आज काय भाव निघाला हे कळल्याशिवाय इथला व्यापारी जेवत नाही, आणि तो भाव कळायला त्याला अर्धा दिवस पोस्टात ताटकळावं लागायचं. बूथ ज्याला मिळेल तो बसल्या जागी संसार चालवेल. पण अर्जाला अपंगत्वाचा दाखला हवा, दाखल्यावर निदान चाळीस टक्के हवेत, आणि मुदत शुक्रवारची. प्रल्हादभाऊंकडे दाखला होता. त्यावर तीस लिहिलेलं. फेरतपासणी जळगावला, फक्त बुधवारी. म्हणजे उद्याच.

गाडीतून उतरलो तर समोरून एक रुबाबदार माणूस आला. क्रीम शर्ट, काळी पँट, केस मागे फिरवलेले, उजवा हात पँटच्या खिशात. हा कुणी व्यापारी असणार म्हणून मी त्यालाच विचारलं, अपंग प्रल्हादभाऊ कुठे राहतात?

"मीच तो," माणूस म्हणाला. "अपंग जरा हळू बोल, भो."

संध्याकाळी त्यांच्या अंगणात भरीत झालं. हातभर लांबीची हिरवी-पांढरी वांगी तुरीच्या काड्यांवर भाजली, लाकडी उखळीत हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर कुटली, आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीवर वाढली. मी चार भाकरी खाल्ल्या. तिसरीनंतर मोजायचं नसतं असं शोभावहिनी म्हणाल्या.

जेवताना तीस टक्क्यांची कथा निघाली. तपासणीचं शिबिर भरलं होतं, गावातले ओळखीचे लोक रांगेत होते. डॉक्टरांनी विचारलं, जिना चढता येतो का? भाऊ म्हणाले, येतो. ओझं? केळीचा घड उचलतो. त्रास काय? काही नाही. डॉक्टर तरी काय लिहिणार? त्यांनी भाऊंचं म्हणणं लिहून घेतलं.

"मग खरं सांगायचं ना, भाऊ," मी म्हटलं.

"मले काय झालं? मी काय बसून राह्यलो?" भाऊ म्हणाले आणि हात धुवायला उठले. उठताना हात खिशात गेला.

ते मागे गेल्यावर वहिनींनी दोरीवर वाळत घातलेली पँट खाली ओढली आणि उजवा खिसा उलटा करून दाखवला. खिशाला बूड नव्हतं. आतून हात थेट मांडीवर. भाऊंच्या उजव्या गुडघ्यात उभं राहायची ताकद नाही. पाऊल टाकताना मांडी हातानं मागे दाबून धरली तरच पाय सरळ राहतो. लग्नाआधी मुलगी बघायला निघताना त्यांना ही युक्ती सुचली. तेव्हापासून बाहेर जाताना हात खिशात. लोकांना वाटतं स्टाइल आहे.

"मले लग्न झाल्यावर कळलं," वहिनी म्हणाल्या. "आता दरेक नवी पँट आली की मीच खिसा कापते. घरात एक चाल, बाहेर एक."

सकाळी मी अंगणातल्या खाटेवर गोधडीत होतो. भाऊंना वाटलं मी झोपलोय. ते लुंगीवर होते. लुंगीला खिसा नसतो. एका हातात भरलेली बादली, दुसरा हात गुडघ्यावर, कंबरेतून वाकलेले. काही पावलं टाकायची, थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा निघायचं. नळापासून मोरीपर्यंत. माझी खोड वाईट, नजर आपोआप सगळं टिपून घेते. घेतलं.

जळगावला दहाला पोचलो. पहिली गाठ फोटोशी. भाऊंनी कोऱ्या पाकिटातून तीन फोटो काढले. डोळ्याला काळा गॉगल, मागे रंगवलेला ताजमहाल, हात खिशात. क्लार्कनं फोटो लांब धरला, जवळ धरला, आणि यात अपंग कुठे आहे असं विचारलं. भाऊंना ते ऐकून बरं वाटलं, चेहऱ्यावरच दिसलं. क्लार्कनं समजावलं, पाय दिसेल असा फोटो लागतो, तपासणीनंतर आणा.

तपासणीच्या खोलीत डॉक्टरबाई होत्या, वयानं मोठ्या, बोलायला शांत. भिंतीला लागून पाच-सहा जण बाकावर, दार सताड उघडं, दारातून व्हरांड्याची रांग आत डोकावत होती. बाईंनी जुना कागद वाचला आणि चालून दाखवायला सांगितलं. भाऊ हात खिशात घालून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. रांगेतल्या एकानं तर शेजाऱ्याला विचारलं, हा इथे कशाला आला?

बाईंनी विचारलं, जिना? येतो. ओझं? केळीचा घड. घड उचलतात हे खरंच होतं. बसून उचलतात, हे कुणी विचारलं नव्हतं.

"मग त्रास काय होतो?"

"तसा काही नही," भाऊ म्हणाले.

मी मागून त्यांचा शर्ट ओढला. त्यांनी माझा हात झटकला. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मला तिथून सावद्याचा स्टँड दिसायला लागला आणि बूथमध्ये बसलेला भलताच कुणीतरी.

"मॅडम, मी दाखवतो," मी म्हटलं.

आणि उजवा हात खिशात घालून चाललो. रुबाबात, मान वर. भिंतीपाशी वळलो, हात खिशातून काढला आणि तसंच पाऊल टाकलं. गुडघा दुमडला. मी वजनकाट्यावर धाडकन पडलो. रांगेतून हसण्याचा आवाज आला. मग उठलो, कंबरेत वाकलो, एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसऱ्या हातात बादली. एक, दोन, तीन पावलं. थांबलो. श्वास. एक, दोन, तीन. आता कुणी हसत नव्हतं. हातात बादली नव्हती, पण सगळे बादलीकडेच बघत होते.

"बस कर, दिन्या," भाऊ म्हणाले. माझं नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं.

मग त्यांनी हात खिशातून बाहेर काढला. वेळ लागला.

बाईंनी आधी कंपाउंडरला दार लावायला सांगितलं. बाकावरच्या सगळ्यांना बाहेर काढलं, मलाही काढत होत्या, तेव्हा भाऊच म्हणाले, राहू द्या याला, याला बठ्ठं माहीतच आहे. मग खिसा तपासला. बाईंचा हात आरपार गेला. मांडीवर तळहाताएवढा घट्टा होता, बैलाच्या मानेवर जोखडानं पडतो तसा. किती वर्षं, बाईंनी विचारलं. लग्नाच्या आधीपासून, पंधरा वर्षं, भाऊ म्हणाले. मग मागच्या वेळी का नाही सांगितलं?

"चार लोकांसमोर कोण सांगतं, मॅडम?"

बाईंनी पेनाचं टोपण परत लावलं. टेप काढली, दोन्ही मांड्या मापल्या, पाय उचलायला लावला, दाबायला लावला. चांगला अर्धा तास. मग लिहिलं. मी उलट्या बाजूनं वाचलं तरी कळलं. साठ.

समोरच्या दुकानात अर्जंट फोटो निघाला. भाऊ वाकून, हात गुडघ्यावर ठेवून उभे राहिले. गॉगल मात्र काढला नाही. फोटोवाल्यानं सांगितल्यावर काढला. क्लार्कनं फोटो चिकटवला, अर्धा शिक्का फोटोवर आणि अर्धा कागदावर असा ठोकला की टेबलावरचा चहा हिंदकळला. मी आयुष्यात पुष्कळ टाळ्या ऐकल्यात, तो आवाज त्या सगळ्यांत मोठा.

मग स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली. तर्री अशी की कान गरम. मी दोन ताटांच्या गप्पा एकटाच मारल्या. भाऊ फक्त "शेव घे" एवढंच म्हणाले. सावदा गाडी लागल्यावर ते उठले, दाखला वरच्या खिशात ठेवला, हात खालच्या खिशात घातला आणि वळून न बघता रुबाबात चढले. दुसऱ्याच दिवशी, मुदतीच्या एक दिवस आधी, अर्ज गेला.

मी धुळ्याला विजयी वीरासारखा परतलो. अक्कांना सगळं सांगितलं, पडून दाखवलं, साठ म्हणताना हवेत शिक्काही मारला. अक्का शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग चष्मा काढून ठेवला.

"पंधरा वर्षं झाकलेलं त्या माणसानं," त्या म्हणाल्या. "तू ते पंधरा लोकांत उघडं केलंस. दार लावायचं डॉक्टरबाईंना सुचलं, तुला का नाही? त्याला व्हरांड्यात नेऊन पाच मिनिटं विचारलं असतंस तर?"

मी म्हटलं, पण अक्का, साठ टक्के.

"तेच म्हणते मी. काम झालं, म्हणून तू हे परत करशील."

पिशवी उचलायला लावली नाही, पण भाऊंना माफीचं पत्र लिहायला लावलं, समोर बसवून. मी आतल्या आत फुगलो होतो. उत्तर आलं नाही. एक महिना गेला, दुसरा गेला, तसतसं अक्कांचं बोलणं माझ्या घशात बसायला लागलं. त्यांची नक्कल करताना ती वाक्यं माझ्या तोंडात यायची आणि मला हसू यायचं नाही.

उन्हाळा संपता संपता शेजारच्या वाण्याच्या दुकानातून हाक आली, तुझा फोन आहे, सावद्याहून.

"बूथ सुरू झाला," भाऊ म्हणाले. मागे गलका होता. "पहिला फोन तुले लावला. केळीवाले दिल्ली लावायले रांगेत उभे आहेत. त्यायले सांगितलं, थांबा, आधी एकाले झाडायचंय."

मी म्हटलं, भाऊ, माझं चुकलं, तुम्हाला विचारायला पाहिजे होतं.

"ते पत्रात लिहिलंय, वाचलं. ते सोडलं मी. तू तिथं तीन पावलं टाकून थांबला."

"हो."

"मी पाच टाकतो. भरल्या बादलीनं पाच. कधी सहा. डॉक्टरीणबाईसमोर मले दोन पावलं कमी केलं तू."

मी सॉरी म्हटलं.

"सॉरी नको," भाऊ म्हणाले. "सावद्याले ये. भरीत खा, अन् सकाळी उठून अंगणात माझ्या मागं चाल. मोजत चाल."